वालूरच्या गोदामातली फळी

सुजाता, माझी पोरगी, फोनवर म्हणाली, "माय, मी नाचात फळी चढायलेय." दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ताडकळस सोडलं.

फळी म्हणजे ऊसतोडीतली. डोक्यावर उसाची मोळी घेऊन तिच्यावरून ट्रकात चढायचं. मी पडले त्याला चार वर्षं झाली, डावा पाय अजून ओढत चालते. पोरीच्या हाती कोयता येऊ नये म्हणून तिला शिकवली, आणि ही चालली फळीवर!

आधी परभणी, मग सेलू, मग वालूर. एसटीत बायांना अर्धं तिकीट हाय. सेलूला लय ताटकळावं लागतं, भाकरी बांधून न्या. मी नेली, पण घास उतरला न्हाई. शेजारची बाई म्हणाली, "कुणी दवाखान्यात हाय का?"

"अजून न्हाई," मी म्हणलं.

वालूरला कापसाच्या रिकाम्या गोदामात पुण्याच्या शाल्मलीताई दीड महिन्यासाठी उतरल्यात. त्या नाच बसवतात. संगं एक चित्रं काढणारी, एक आवाज टिपणारा, अन् नाचायला माझी सुजाता. तिथंच राहायचं, खायचं, काम करायचं. याला रेसिडेन्सी म्हणतात. कुणीबी बघायला जावं, चपला तेवढ्या बाहेर काढायच्या. भिंतीवर कोळशानं काढलेल्या वाकलेल्या पाठी, कोपऱ्यातल्या पेटीतून कोयत्याचा सपासप आवाज.

मधोमध ट्रकाएवढा उंच माचा, त्याला टेकवलेली फळी. पायथ्याशी मोळी घेतलेली सुजाता.

"घाबरू नका मावशी, खाली गाद्या टाकल्यात," ताई म्हणाल्या.

"गादीनं मणका वाचतो, हे कुण्या डॉक्टरनं सांगितलं?"

सुजाता चढायला लागली. ताई टाळ्या वाजवून मोजायला लागल्या, "पाच, सहा, सात..." आमच्यात फळीवर बाई असली की खालचे सगळे मुके होतात. आवाज आला की मान वळते, मान वळली की मोळी वळते. मुकादमानं खालून हाक मारली म्हणूनच मी पडले होते. हे सगळं ठाऊक असून मीच बोंबलले, "मोजू नका! सुजे!"

पोरीची मान वळली. मोळी कलली, एक पाय फळीबाहेर गेला. तिनं मोळी फेकली अन् फळीला मिठी मारून बसली.

"माय, गप की गं!" वरून ओरडली.

ताई फळीकडं धावल्या, तिला म्हणाल्या, "मोजायचं नसतं, हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"मला कुठं ठाऊक? मायनं मला उसाच्या फडावर कधी नेलंच न्हाई."

मी तिला घरी न्यायला आले होते. ती येईना. मग दोन दिवस राहिले अन् शिकवलं: अंगठा कसा रोवायचा, नजर कुठं ठेवायची, मोळी कवा सोडून द्यायची. तिसऱ्या दिवशी ती चढली. गोदामात कुणी खोकलंबी न्हाई. मी भिंतीकडं तोंड करून उभी होते.

आता घरी हाय. बघायला जरूर जा, चांगलं काम हाय. माझी भीती मातर गेली न्हाई, फक्त बदलली. आधी वाटायचं पोरगी पडंल. आता ती लय सफाईनं चढते, माझ्यासारखी, जणू जन्मभर ऊसच तोडलाय, अन् त्याचंच भ्या वाटतं.