भांडतो, पण कशापायी

कोल्हापुरातल्या एका मुलींच्या शाळेत मी नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते, तेव्हाची गोष्ट. स्वातंत्र्याला काही वर्षं झाली होती. मुली वाढल्या आणि शाळेला दोन नवे वर्ग बांधायचे ठरले. काम मागायला दोन कंत्राटदार आले. पहिला गोड बोलणारा. त्याच्याकडे दाखल्यांचा जाडजूड गठ्ठा होता. दुसरा उंच, रापलेला, कपाळाला आठी. त्याच्याकडे एकच दाखला, उचगावच्या एका व्यापाऱ्याचा: "यांनी आमचे गोदाम बांधले."

मुख्याध्यापिकाबाईंनी ते सगळे कागद वाचायला माझ्याकडे दिले. पहिल्याचे दाखले वाचताना गंमत वाटू लागली. "काम समाधानकारक, वर्तणूक उत्तम." घरं निरनिराळी, गावं निरनिराळी, वाक्य मात्र तेच. आणि दुसऱ्याला दाखला देणाऱ्या व्यापाऱ्याला बरं-वाईट एक अक्षर लिहावंसं का वाटलं नसेल?

मी बाईंना तसं विचारलं. बाई म्हणाल्या, "मला काय ठाऊक? ज्यांनी लिहिलं त्यांनाच विचारू या."

रविवारी आम्ही दोघी बसनं हुपरीला गेलो. पहिल्याचा एक दाखला तिथल्या चांदीच्या कारखानदाराचा होता. कारखाना घरातच. ओसरीवर बसून बायका पैंजणांना घुंगरू जोडत होत्या. मालकांनी आम्हाला आत बसवलं, चहा मागवला आणि दाखला उलटसुलट करून पाहिला.

"सही माझीच हाय," ते म्हणाले. "लिवून त्योच घेऊन आलता. म्हनला, मालक, एवढी सही करा. मानूस दारात आल्यावर न्हाय कसं म्हनायचं? कुनाच्या पोटावर पाय कशाला द्या."

"पण काम कसं केलं?" बाईंनी विचारलं.

"केलं की."

मी मधेच म्हणाले, "माडी चढवायची झाली तर परत त्यालाच बोलवाल?"

त्यांनी दाखला परत माझ्या हातात ठेवला. मग हसले. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "अक्का, इकडं या." मागच्या खोलीचं दार दाखवून त्या म्हणाल्या, "चौकट तिरकी बसवलीया. दार लागतच न्हाय. राती पेटी सरकवून ठेवतो."

परतीच्या बसमध्ये बाईंनी तो दाखला घडी करून पिशवीत टाकला. मग म्हणाल्या, "कागद मागत बसण्यापेक्षा हा तुझा प्रश्न बरा. परत बोलवाल का?"

तोच प्रश्न घेऊन आम्ही पुढच्या रविवारी उचगावला गेलो. व्यापारी जैन गृहस्थ होते, मोजकं बोलणारे. प्रश्न ऐकताच म्हणाले, "न्हाय. भांडकुदळ मानूस हाय त्यो. आनि भिंतीला तडा गेलाय, त्यो बघा."

तडा खरंच होता, वरच्या मजल्यापासून खाली आलेला.

म्हणजे दोघंही कंत्राटदार बाद, असं मला वाटलं. पण बाईंचं समाधान होईना. त्या म्हणाल्या, "त्याच्या पाठीमागे ऐकलं, आता त्याच्यासमोर ऐकू." त्यांनी दुसऱ्या कंत्राटदाराला शाळेत बोलावून तड्याबद्दल सरळ विचारलं. त्याची आठी आणखी खोल गेली. "चला बाई, तितंच जाऊन बोलू," एवढंच तो म्हणाला.

गोदामाशी दोघं समोरासमोर आले.

"शेटजी, वरचा मजला कुनी चढवला?"

"चढवला दुसऱ्यानं."

"मी काय म्हनलो हुतो?"

व्यापाऱ्यांनी भिंतीकडे पाहिलं. "ह्या पायावर मजला पेलायचा न्हाय, म्हनला हुतास."

"मग?"

"मग काय? तू बरुबर हुतास. पन चार लोकांत माझ्यावर वरडलास का न्हाय?"

"वरडलो," कंत्राटदार म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

आम्ही त्यालाच काम दिलं. तो आमच्याशीही भांडला. खिडक्या रस्त्याच्या बाजूला हव्यात की मागे, यावर बाई आणि तो दोन दिवस बोलत नव्हते. खिडक्या बाईंच्या मनासारख्या झाल्या, पायऱ्या त्याच्या. वर्ग मात्र पक्के झाले.

काम संपल्यावर त्यानं दाखला मागितला. मी लिहिला आणि बाईंच्या सांगण्यावरून त्यालाच वाचून दाखवला. 'काम पक्के. परत बोलवू. मात्र भांडतात.' हे खोडा म्हणेल, असं मला वाटलं.

"भांडतो ते खरं हाय," तो म्हणाला. "पन कशापायी, ते बी लिवा की."

मी तेही लिहिलं, 'काम कच्चे होऊ नये म्हणून.' खाली बाईंनी स्वतःच्या अक्षरात जोडलं, 'शंका असल्यास शाळेत येऊन वर्ग पाहावेत व विचारावे.'

बरेच दिवस कुणी आलं नाही. मग एकदा वारणा नदीकाठच्या गावचे एक गृहस्थ तो दाखला घेऊन आले. मी उत्साहानं वर्ग दाखवले, दारं लावून दाखवली, भांडणंही सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मजुरांशी कसा वागतो?"

आमच्या आवारात बायका महिनोन्‌महिने वाळू-मातीच्या पाट्या वाहत होत्या, पण मी त्यांना कधी काही विचारलं नव्हतं.

"मला ठाऊक नाही," मी म्हणाले. "पण त्याचं काम जवळच चालू आहे. चला, विचारू."

तिथं एक बाई वाळू चाळत होती. आमच्याच वर्गांवर काम केलेली, मी तिला ओळखलं. प्रश्न ऐकून तिनं चाळणी खाली ठेवली.

"वरडतोय लई," ती म्हणाली. "पन माझं पोर तापानं फणफणलं, तवा त्यानंच मला घरला धाडलं. परत आले तर जागा माझी मलाच."

गृहस्थांनी मान डोलावली, आणि कंत्राटदार कुठे भेटेल ते तिलाच विचारलं.