विहीणबाईंचा आर्टिचोक

लेक ब्रिस्टलला विमानाच्या इंजिनांवर काम करायची. नव्वदच्या दशकात एके वर्षी तिने तिथलाच मुलगा पसंत केला. वडील इंग्रज, ते वारलेले, आई फ्रेंच. ह्यांना एवढा प्रवास झेपण्यासारखा नव्हता. म्हणाले, "तू जाऊन माणसं बघून ये. तू हो म्हणालीस की माझंही हो." झालं, घोंगडं माझ्या गळ्यात.

मुलाच्या आईने जेवायला बोलावलं. मी पक्की शाकाहारी, आणि फ्रेंच लोक गोगलगायी खातात एवढंच माझं ज्ञान. लेक गाडीतच म्हणाली, "आई, प्लीज, काहीही वाढलं तरी नाक मुरडू नकोस. त्यांनी स्पेशली व्हेजिटेरियन केलंय."

ताटलीत आली एक उकडलेली हिरवी कळी, चांगली मुठीएवढी, जाड पाकळ्यांची. शेजारी वाटीत पातळ केलेलं लोणी. आर्टिचोक म्हणे. मी एक पाकळी तोडली, लोण्यात बुडवली आणि अख्खी तोंडात घातली. चावतेय, चावतेय, पण तोंडातला काथ्या काही संपेना. पानात टाकायचं नाही हे लहानपणी धपाटे खाऊन शिकलेली मी. तोंडातलं बाहेर काढणार कशी? डोळ्यांत पाणी आणून गिळली. दुसरीही गिळली. लेक खाली मान घालून बसलेली. मला धडकीच भरली. पोरीचं लग्न माझ्यापायी मोडायचं, असं वाटलं.

विहीणबाईंनी आपली पाकळी उचलली, मला दिसेल अशी दातांत धरली, हळूच ओढली, बुडाचा गर तेवढा खाल्ला आणि चोथा ताटलीच्या कडेला ठेवला. ही तर आपली शेवग्याची शेंग. इतका वेळ मी ती सालासकट गिळत होते! इतकं हायसं वाटलं की मला हसूच आलं. मग मी सराईतासारखी सगळी कळी संपवली. माझा चोथ्याचा ढीग त्यांच्यापेक्षा मोठा झाला.

निघताना लेक म्हणाली, "आई, तुला काय वाढायचं म्हणून दोन दिवस टेन्शनमध्ये होत्या गं त्या."

दुसऱ्या दिवशी मी घरी फोन लावला. ह्यांनी विचारलं, "कशी आहेत माणसं?"

"मी चुकले, तर हसल्या नाहीत," मी म्हटलं. "गुरुजींना मुहूर्त काढायला सांगा."