टांकसाळबाई

गल्लीत तिला सगळे टांकसाळबाई म्हणत, कारण टांकसाळीत नाणी पाडावीत तसे ती शब्द पाडायची. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासता घासता तिच्या डोक्यात जुन्या भाषेतले शब्द घोळत असत. ही भाषा पोथ्यांबाहेर कुणी बोलत नव्हतं. नवरा ती कॉलेजात शिकवायचा. लेक झाली तेव्हा त्यानंच छाती पुढे काढून जाहीर केलं, "या घरात पोरीशी दुसऱ्या भाषेत एक अक्षर बोलायचं नाही. शपथ!"

तिनं शपथ घेतली आणि कंबर कसली. त्या भाषेत रथाच्या चाकातल्या एकेका तुकड्याला नाव होतं, पण फ्रिजला नव्हतं. मग तिनं तळघराचा जुना शब्द उचलून फ्रिजला दिला. होडीचा लिफ्टला. गुरांना पाण्यावर न्यायचं क्रियापद मोबाइलच्या चार्जिंगला लावलं. नवरा कॉलेजात ऐटीत सांगे, "आमच्याकडे मोबाइलसुद्धा पाणी पितो!"

सासूबाई नाक मुरडत. "नातीशी बोलायला आता मला परीक्षा द्यावी लागणार वाटतं!"

पोरगी बरोबर असली की टांकसाळबाई भाजीवाल्यालाही जुन्या भाषेतच भाव विचारायची. तो कपाळाला हात लावायचा. "ताई, बोटं दाखवा, बोटं!" ती मुकाट बोटं दाखवायची. लोक हसले, सख्ख्या बहिणीनं येणं-जाणं कमी केलं. तिनं सगळं गिळलं. पोरगी चौथ्या वर्षी ती भाषा घडाघडा बोलत होती, आणखी काय हवं?

एके दुपारी दुकानातलं भिंगं घासायचं मशीन बंद पडलं म्हणून ती लवकर घरी आली आणि दाराशीच थबकली. आतून नवऱ्याचा आवाज येत होता, इतका लाडात आलेला, की आपण घर चुकलो की काय असं तिला वाटलं.

"कोण गं हे गोबरं गोबरं? आमचं ढब्बू! गुदगुल्या करू ढब्बूला? करू?"

"नको बाबा! आजी, वाचव ना!"

"ये गं माझी बाय, लप माझ्या पदराखाली," सासूबाई म्हणाल्या.

ढब्बू? लेकीचं हे नाव तिनं कधी ऐकलंच नव्हतं. आणि पोरगी ज्या सफाईनं रोजची भाषा बोलत होती, ती सफाई काही आजची नव्हती. आठवड्याला नवे शब्द मागणाऱ्या नवऱ्यानं गुदगुल्यांना शब्द कधी मागितला नव्हता. त्याला गरजच पडली नव्हती.

तिनं दार ढकललं. गुदगुल्या थांबल्या. नवरा उठून शर्ट सारखा करू लागला. "अगं, आज आपलं सहजच..." हे मात्र तो जुन्या भाषेत म्हणाला, व्याकरणाला धरून.

"बाबा, गप्प का झालास?" लेकीनं रोजच्या भाषेत विचारलं. "आईला आपलं बोलणं कुठे कळतं!" मग आईकडे वळून, पाहुणीशी बोलावं तशा अदबीनं, तिनं जुन्या भाषेत समजावलं, "आम्ही खेळत होतो. तुला समजलं नसेल, मी सांगते हं."

आपलं बोलणं, म्हणे. त्या 'आपल्या'त ती सोडून अख्खं घर होतं.

"मला कळतं गं," ती रोजच्या भाषेत म्हणाली.

पोरीचा आ वासलेलाच राहिला. "तुला येतं? मग माझ्याशी कधीच का नाही बोललीस?"

टांकसाळबाईनं चपला काढल्या नाहीत, पर्स खाली ठेवली नाही.

"तुम्ही सांगा तिला," ती नवऱ्याला म्हणाली. "शपथ तुमची होती."

नवरा आपल्या आईकडे बघायला लागला, आणि सासूबाई भिंतीकडे.