आईचा दिवा आणि हॉलमधला थर्मोस्टॅट

मंडळी, आमच्या शारजाच्या फ्लॅटमधला एसी चार दिवस थांबतच नव्हता. बाहेर ऑगस्टचं ऊन आणि घरात आम्ही स्वेटर घालून. थर्मोस्टॅट कितीही फिरवला तरी फरक नाही.

आज दुपारी बिल्डिंगचा मेकॅनिक आला. भिंतीकडे बघून म्हणाला, "भाईसाब, थर्मोस्टॅट ठीक है. नीचे दिया जल रहा है ना, उसको लगता है घर गरम है. दिया हटा दो, खलास."

दिवा आईचा आहे. ती गेली तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसा रिन्यूअलला दिलेला होता, जाता आलं नाही. गावी भाऊ सगळं करतोय. इथे थर्मोस्टॅटखाली एक खिळा होता, तिथे तिचा फोटो लावला आणि खाली स्टुलावर दिवा ठेवला. तेराव्यापर्यंत तो हलवायचा नाही.

मेकॅनिकला तसं सांगितलं. तो पेटी उचलून गेला.

लेक म्हणाली, "पपा, आय ॲम कोल्ड." तिला शाल दिली.

आई दर फोनवर विचारायची, "फार उकडतं का रे तिकडे?"

आज उकडत नाहीये. रडूही येत नाहीये. तुमच्यापैकी कोणाला असंच इथे थांबावं लागलं असेल, तर सांगा, ते कधी येतं?