डोळ्यांतली हळद

खारबावचा केसरीनाथ नारपोलीला कापडाच्या कारखान्यात लूमवर लागला तेव्हा त्याच्या गालांवर नुसत्या पुटकुळ्या होत्या. विशी ओलांडेपर्यंत त्यांची गळवं झाली. गाल, मान, पाठ, कुठं म्हणून जागा उरली नाही. सुताची रुई उडून घामावर चिकटायची आणि ती पुसायला जावं तर बोटाला पू नि रक्त लागायचं. कारखान्यात त्याला कुणी वाईट बोलत नसे. पण जेवायला बसलं की शेजारचा माणूस आपला डबा जरासा पलीकडे ओढून घ्यायचा. हा आजार लागणारा नाही हे केसरीनाथलाच धड ठाऊक नव्हतं, तो दुसऱ्याला काय सांगणार?

शिफ्ट सुटली की जोडीदार रघू त्याला दारूच्या भट्टीवर न्यायचा. ओढ्याच्या काठी झाडीत माणसं बसलेली असायची, प्रत्येकाची नजर आपल्या ग्लासात. तिथं कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नसे. केसरीनाथला दारूची चव कधी आवडली नाही, पण एक ग्लास पोटात गेला की आपल्याला तोंड आहे हेच तो विसरायचा. त्या विसरण्यासाठी तो जाऊ लागला, आणि मग जातच राहिला.

आई लहानपणीच गेलेली. थोरल्या बहिणीनं, गोदूनं, त्याला वाढवलं होतं. तिला टेमघरला दिली होती. तिनंच त्याच्यासाठी एक मुलगी बघितली. मुलीचा बाप आला, ओट्यावर बसला, केसरीनाथला बघितलं आणि शेताचं काम निघालं म्हणून चहाला न थांबता उठून गेला. पुढच्या सुट्टीला गोदूनं भावाचा हात धरला आणि भिवंडीतल्या चामडीच्या डॉक्टरांकडे नेऊन बसवलं.

डॉक्टरांनी तोंड, पाठ नीट तपासली. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल लिहून दिल्या. रिकाम्या पोटी, भरपूर पाण्याबरोबर घ्यायच्या, दुधाबरोबर नाही, गुण यायला काही महिने लागतील, आणि मनानं कमीजास्त करायच्या नाहीत, असं समजावलं. मग कागद पुढे सरकवता सरकवता विचारलं,

"दारू पितोस का?"

गोदू शेजारीच उभी होती. तिच्या नवऱ्यानं पिऊन पिऊन जमिनीचा तुकडा घालवला होता, आणि भाऊ तसा नाही हेच ती सगळ्यांना सांगत आली होती.

"न्हाय," केसरीनाथ म्हणाला.

"बरं आहे. या औषधाचा भार लिव्हरवर पडतो, दारूचाही तिथंच पडतो. दोन्ही एकदम नको."

गोदूनं मान डोलावली. भावापेक्षा तिनंच ते जास्त नीट ऐकलं असावं.

पहिले काही महिने त्यानं खरंच भट्टीचं नाव काढलं नाही. रघूनं बोलावलं तरी पोटाचं कारण सांगून तो खोलीवर जायचा. दिवाळीच्या सुमाराला नवीन गळू येईनासं झालं, जुनी सुकू लागली. त्याच दिवसांत गोदू आणि तो जानकीबाईची चंद्रा बघायला गेले. जानकीबाई विधवा बाई, पोरीच्या मर्जीबाहेर काही करणारी नव्हती. चंद्रानं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि केसरीनाथकडे सरळ बघितलं, जसं कुणाकडेही बघावं तसं. इतक्या वर्षांत त्याच्याकडे तसं कुणी बघितलं नव्हतं. सुपारी फुटली, लग्न वैशाखात ठरलं.

त्या आनंदात रघूनं पाजली, आणि नाही म्हणायला त्याच्याकडे कारण उरलं नाही. मग पुन्हा बसणं सुरू झालं. डॉक्टरांचं बोलणं त्याला आठवत होतं, पण त्यानं आपल्या परीनं तोड काढली. ज्या दिवशी प्यायची त्या दिवशी कॅप्सूल खायची नाही. पिणं वाढलं तसं औषध चुकत गेलं, आणि लग्न तोंडावर आलं तेव्हा हनुवटीवर पुन्हा लाल गाठी उठल्या. तो घाबरला. डॉक्टरांकडे जावं तर खरं सांगावं लागणार. औषधाच्या दुकानात जुनी चिठ्ठी चालत होती. तिच्यावर कॅप्सूल आणून तो एकीच्या जागी दोन, कधी तीन खाऊ लागला. प्यायल्याच्या दिवशीसुद्धा.

जेवण जाईना. एरवी ज्या सुकटीवर तो दोन भाकऱ्या चापायचा तिच्या वासानं मळमळू लागलं. लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागली. ऊन बाधलं असेल, लग्न उरकलं की बरं वाटेल, असं तो स्वतःला सांगत राहिला.

हळदीला सगळं खारबाव लोटलं. बायकांनी त्याला कपाळापासून पायापर्यंत हळदीनं माखलं, गोदूनं सगळ्यात आधी लावली. मांडवामागे पुरुषांची बैठक बसली. नवऱ्यानंच ग्लास नाकारायचा ही गोष्ट तिथं कुणाच्या डोक्यात बसली नसती. त्यानं दोनदा नको म्हटलं, मग घेतला. गोदू बायकांत होती. तिला दिसलंही असेल, पण हळदीच्या दिवशी भावाला ओरडून काय करणार.

लग्न लागलं. पंगतीत त्याला दोनदा उठून बाहेर जावं लागलं. लोक हसले, काल जास्त झाली म्हणाले. दुसऱ्या दिवशी अंगणात आंघोळीला बसला तेव्हा चंद्रा पाणी ओतत होती. साबण लावला, घासलं, तरी अंगाचा पिवळेपणा जाईना. चुलती म्हणाली, हळद जुनी होती, उतरायला वेळ लागेल. चंद्रानं तांब्या खाली ठेवला आणि त्याच्या तोंडाशी वाकून बघितलं.

"काकी," ती हळूच म्हणाली, "हळद डोळ्यांत कशी जाईल?"

कावीळ म्हटल्यावर घरच्यांनी त्याला शेजारच्या गावातल्या माळ घालणाऱ्याकडे नेलं. माळ लांबेल तशी कावीळ उतरते म्हणतात. माळ गळ्यात पडली, लांबत गेली, पण केसरीनाथ आखडत गेला. पोट टरारलं, बोलणं तुटक झालं, माणसं ओळखेना तेव्हा कुठं गोदूनं सगळ्यांशी भांडून ठाण्याच्या सरकारी इस्पितळात हलवलं.

बरेच दिवस तो जगण्यामरण्याच्या मध्ये होता. तो शुद्धीवर आल्यावर तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काय काय घेत होतास. खाटेच्या एका बाजूला गोदू, दुसऱ्या बाजूला चंद्रा. या वेळी त्यानं सगळं सांगितलं. कॅप्सूल किती, दारू किती, कधीपासून. छताकडे बघत सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, कशानं किती बिघडलं ते वेगळं काढता येणार नाही. दारूनं लिव्हर आधीच थकलं होतं, त्यावर औषधाचा मारा झाला. बरा होशील, पण पहिल्यासारखा होशील असं सांगत नाही.

गोदू पदर तोंडाला लावून बाहेर गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "त्या डाक्तरासमोर खोटं का बोललास रं?"

"तू हुतीस ना बाय," तो म्हणाला.

त्याला तिला दोष द्यायचा नव्हता. पण शब्द गेला तो गेला. त्यानंतर गोदू भावाकडे यायची, भाजीपाला ठेवायची, आणि न बसता निघून जायची.

लूमवर उभं राहणं त्याला पुन्हा जमलं नाही. नारपोलीतच एका कारखान्यात तो बायकांच्या ओळीत बसून सुताच्या कांड्या भरू लागला. औषध सुटल्यावर गळवं परत आली, आणि आता दुसरं काही द्यायला डॉक्टर धजेनात. रघू एकदा भेटायला आला, बिडी ओढत बसला, परत आला नाही.

जानकीबाई लेकीला न्यायला आली. केसरीनाथनंच चंद्राला सांगितलं, जा, तुझं वय काय हाय, मी कुणाला बोल लावणार न्हाय. ती लावणीपुरती म्हणून गेली. पाऊस संपला, भात पोसवलं, तरी ती आली नाही. कापणीच्या दिवसांत एका दुपारी ती एकटीच चालत आली आणि विळा घेऊन सरळ घरच्या शेतात उतरली. तो बांधावर बसला होता. भारे उचलायची त्याला मनाई होती.

बऱ्याच वेळानं पाणी प्यायला ती बांधावर आली.

"मी राहीन," ती म्हणाली. "पर तुमचं बोलणं मना खरं वाटंल का, ते आताच सांगता यायचं न्हाय."

त्यानं मान डोलावली. ती परत कापायला गेली. तिच्यामागे भाताच्या पेंढ्या पडत गेल्या, आणि त्या गोळा करायला दुसरं कुणी यायची वाट बघत तो तिथंच बसून राहिला.