ओवाळणीच्या पाकिटातला नंबर

माझी मावसबहीण, आमची ताई, कॅनडात मंत्री झाली तेव्हा इथे अमेरिकेत नोव्हायमधल्या आमच्या ओळखीच्या सगळ्यांच्या घरी पेढे मी पोचवले. ती इमिग्रेशन खात्याची मंत्री. शेजारच्या काकू पेढा तोंडात टाकून म्हणाल्या, "आता काय बाई, घरचंच ऑफिस!" मी हसले. मलाही तसंच वाटत होतं.

ती मुळात वकील. लाँड्रीच्या वरच्या एका खोलीत बसून तिने पंधरा वर्षं लोकांचे इमिग्रेशनचे कागद भरले. कुणाचा अर्ज कुठे अडकणार हे तिला पहिलं पान पाहून कळायचं. पहिल्या निवडणुकीत पडली तेव्हा मी सीमेवरचा पूल ओलांडून कॅनडात तिच्याकडे गेले आणि चार दिवस स्वयंपाक केला. दुसऱ्यांदा निवडून आली, संसदेत मागच्या बाकावर बसली, आणि मग एकदम मंत्री.

त्याच वर्षी माझ्या धाकट्या भावाची इथली नोकरी गेली. त्याचा व्हिसा नोकरीवरच होता. साठ दिवसांत नवी नोकरी नाही तर सामान बांधायचं. कॅनडात स्थायिक व्हायचा अर्ज त्याने आधीच केला होता, पण तो महिनोन् महिने हलत नव्हता. अर्ज करतानाच ताईने त्याला बजावलं होतं, "कर, पण मला काही सांगू नकोस. नंबर तर मुळीच नाही." त्याने ते पाळलं.

मी नाही पाळलं.

भाऊबिजेला ती दरवर्षीसारखी आमच्याकडे आली, स्वतः गाडी चालवत. ताट मी मांडलं आणि पाकीटही मीच भरलं. भावाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. गिफ्ट कार्डामागे एका चिठ्ठीवर मी अर्जाचा नंबर लिहून ठेवला. ओवाळणी परत कशी करेल, असा माझा हिशोब. भावाने पाकीट तबकात टाकलं.

आमच्यात पाकीट नंतर उघडतात. हिने तिथेच उघडलं.

"हे काय?"

"अर्जाचा नंबर," मी म्हटलं. "नुसतं बघ, कुठे अडकलाय."

ताईने भावाकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर अक्षता तशाच. "मोठी ताई, शपथ, मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"वेडी आहेस का गं?" ती माझ्याकडे वळली. "आता मला उद्या खात्याला लिहून द्यावं लागेल, घरच्या माणसाने नंबर दिला म्हणून."

"कशाला? कुणी पाहिलंय इथे?"

"मी पाहिलंय."

"लाँड्रीच्या वर बसायचीस तेव्हा दहा मिनिटांत सांगितलं असतंस."

"हो," ती म्हणाली. "तेव्हा सांगितलं असतं."

जेवण तिने पूर्ण केलं. बासुंदी दोनदा घेतली. जाताना गिफ्ट कार्ड टेबलावर ठेवून गेली. चिठ्ठी मात्र पर्समध्ये घातली, कारण खात्याला लिहून देताना ती जोडावी लागणार होती.

दोन आठवड्यांनी भावाला पत्र आलं. अर्ज नेहमीच्या रांगेतून काढून वेगळ्या तपासणीसाठी ठेवला आहे, किती वेळ लागेल सांगता येत नाही. त्याने ते मला वाचून दाखवलं आणि घडी करून खिशात ठेवलं. माझ्यावर रागावला असता तर बरं झालं असतं.

मी मला येतं ते केलं. त्याचा सोफासेट, बर्फ काढायचा स्नो ब्लोअर, दोन्ही सायकली विकल्या. घर सोडायची नोटीस मालकाला दिली. भाऊ, वहिनी आणि त्यांचा मुलगा, अशी नागपूरची तीन तिकिटं काढली. दिवस मोजायची गरज नव्हती, फ्रिजवरच्या कॅलेंडरवर वहिनी रोज एक फुली मारत होती.

निघायच्या आदल्या दिवशी ताईचा फोन आला.

"विमानतळावर येऊ का?"

"ते चालतं का तुला?"

"भावाला सोडायला येणं चालतं."

"मग ये," मी म्हटलं. "बॅगा सहा आहेत. माझ्या गाडीत चारच मावतात."