एक ई कमी

मी कोरीटचा शाळामास्तर. मॅट्रिक झालेला गावात मी एकटाच, त्यामुळे इंग्रजीचा मला भारी ताठा. तो कोकिळाने उतरवला.

कोकिळा ही इंद्रसिंगची थोरली मुलगी. कापूस वेचायला लागली की तिच्या पुढे कुणी जात नसे; बोलणं मात्र मोजकं. तिची मांगणी शहाद्याकडच्या फत्तेसिंगशी झाली होती. साखर वाटली आणि महिन्याभरात तो लष्करात ट्रक चालवायला गेला. चव्वेचाळीस साली ट्रक उलटून त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पुण्याच्या इस्पितळातून त्याचं पत्र आलं, ते मीच वाचून दाखवलं. 'मांगणी मोडा. लंगड्याच्या गळ्यात पोर बांधू नका.'

इंद्रसिंग मोडायला तयारच होता. कोकिळा दुसऱ्या दिवशी शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"माले जानं शे, मास्तर. एकदाव डोयासघाई देखसू, मंग काय ते सांगसू."

लग्नाआधी मुलीने असं होणाऱ्या नवऱ्याला डोळ्यांनी बघायला जायचं, हे आमच्याकडे कुणी ऐकलं नव्हतं. दोन दिवस तिने भाकरीला हात लावला नाही, तेव्हा बाप नरमला. भेटीला पास लागे. मी ऐटीत इंग्रजीत अर्ज लिहिला आणि नात्याच्या जागी लिहिलं, फियान्से. इंग्रजीत होणारा नवरा आणि होणारी नवरी, दोघेही कानाला फियान्सेच. लिहिताना मात्र नवरीला शेवटी एक ई जास्त लागतो. हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या अर्जावरून पासही तसाच आला.

बापलेक पुण्याला गेले. इस्पितळाच्या फाटकावर कारकुनाने पास पाहिला आणि तो हसला. "यात नवरा लिहिलाय. दुसरा पास आणा."

इंद्रसिंग परत फिरायला निघाला. कोकिळा हलली नाही. "मी कोन शे ते त्यासलेच इचारा," ती म्हणाली.

कारकून भला माणूस. त्याने फत्तेसिंगला बोलावून घेतलं. तो कुबड्यांवर आला आणि तिला पाहून जागीच थांबला. कारकुनाने पास पुढे धरला. "ही तुझी होणारी नवरी असेल तर इथे एक ई पाहिजे. नसेल तर सांग, परत पाठवतो."

फत्तेसिंगने खाली आपल्या तुटक्या पायाकडे पाहिलं. मग त्याने एक कुबडी तिच्या हातात दिली आणि पेन्सिल मागितली.

वैशाखात लग्न झालं. मांडवातच इंद्रसिंगने सगळ्यांसमोर माझी चूक सांगितली. मी शरमेने अर्धा झालो. पंगत उठल्यावर कोकिळाची माफी मागायला गेलो, तर ती पदराआड हसली.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर. तुमनी बरोबर लिखं असतं, तर त्यासले काहीच लिखनं पडतं नही."